एका ट्रेमधली भावंडं

या, असे जवळ या. मागे उभे आहात त्यांनीही पुढे सरकून बसा. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. एका सासूनं सुनेवर माया केली आणि त्या मायेपायी अख्ख्या नदीकाठाचा उन्हाळा पणाला लागला, ती ही गोष्ट. द्वेषानं घर मोडल्याच्या कथा तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. आज मायेनं काय होतं, ते ऐका. देवानं माणसाला माया दिली, पण ती कुठे किती ओतावी याचं माप द्यायचं मात्र तो विसरला असावा.

रोपवाटिकेचं ते घर आधी डोळ्यांसमोर आणा. वर उतारावर वारा खाणारे वाफे, मधे काचघर, त्याला लागून बांधाबांधीची शेड, आणि खाली नदी. घरचे मालक जाऊन बराच काळ लोटला होता. त्यांच्या मागे घर त्यांच्या बायकोचं, माईंचं. थोरला मुलगा धंदा बघायचा, धाकटा जहाजावर होता आणि वर्षातला बराचसा वेळ फोनवरच घरी असायचा. त्याची बायको, जिला सगळे धाकटीच म्हणायचे, तिनं गेल्या वर्षी या घरात एक नवं बी आणलं होतं. संकरित टोमॅटोचं. आणि त्या दिवशी दुपारनंतर नदीकाठचे लोक खोकी घेऊन तीच रोपं न्यायला येणार होते.

सकाळी धाकटी काचघरात शिरली, तेव्हा आत्या आधीच स्टुलावर बसून सुतळीचे तुकडे कापत होत्या. आत्या म्हणजे माईंची नणंद. माहेरी आल्या त्या चार दिवसांसाठी, आणि ते चार दिवस काही संपले नाहीत.

"बघून घे गं तुझी फौज," आत्या म्हणाल्या. "रात्रभर माझ्याकडे मान वर करून बघत होती, असं वाटतंय."

धाकटी हसली आणि पहिल्या बाकावर वाकली. रोपं छान होती. देठ जाड, रंग गडद. ती ट्रेवरून हात फिरवत पुढे सरकत होती, पानं तळव्याला गुदगुल्या करत होती. मग तिचा हात थांबला.

एका रोपाची पानं वेगळी होती. टोमॅटोच्या पानाला करवतीसारखी कातरलेली कड असते. याच्या पानाची कड सरळ होती आणि पान रुंद, बटाट्याच्या पानासारखं. तिनं पान चुरगळून वास घेतला. टोमॅटोच. तिनं पुढच्या ट्रेमध्ये पाहिलं. तिथेही एक होतं. त्याच्या पुढच्यात दोन, शेजारी शेजारी.

"आत्याबाई, हे पान बघा."

"बघितलं. पान आहे."

"कड बघा ना त्याची."

"मला जवळचं दिसत नाही आणि लांबचं बघायची हौस राहिली नाही. काय आहे ते तूच सांग."

"ही सगळी एका पाकिटातली, एका जातीची रोपं आहेत. सगळी हुबेहूब सारखी दिसायला हवीत. संकरिताचं तेच तर असतं."

"असतील दोन-चार दांडगी," आत्यांनी सुतळी दातात धरून म्हटलं. "तुझा नवरा आणि थोरला एकाच आईच्या पोटचे. दिसतात का सारखे? एक ताडमाड, एक बसका. भावंडं कधी सारखी असतात का?"

आत्या चेष्टेनं बोलल्या. पण धाकटी पुन्हा त्या पानावर वाकली. पाकिटातलं बी असतं तर ही रोपं जुळ्यांसारखी दिसली असती. ही तशी दिसत नव्हती. ही भावंडांसारखी दिसत होती.

पेरणीच्या वेळी ती इथे नव्हती. वडिलांचं ऑपरेशन होतं म्हणून माहेरी गेली होती. पाकिटं मात्र जाण्याआधी स्वतः आणून कपाटात ठेवली होती. एवढ्यात थोरली जाऊ पाण्याची झारी घेऊन आत आली.

"ताई, पेरणी कोणी केली होती?"

"माईंनी. कुणाला हात लावू दिला नाही." थोरलीनं झारी खाली ठेवली आणि तिच्या तोंडाची जाळी उगाचच चोळायला लागली. "का गं?"

"पाकिटातलं सगळं बी लागलं?"

"लागलं. आणि वरून थोडं घरचं होतं."

"घरचं म्हणजे कुठलं? गाठोडीचं?"

गाठोडी म्हणजे त्या घराचा जुना टोमॅटो. सुरकुत्या पडलेला, बोचक्यासारखा, साल पातळ, चव अशी की खाणारा बोलायचं थांबतो. माईंच्या सासूनं तो या घरात आणला आणि तेव्हापासून दर वर्षी त्याचं बी धरलं जातंय. पण गाठोडीचं पान धाकटी अंधारातही ओळखली असती. हे ते नव्हतं.

"माईंनाच विचार," थोरली म्हणाली आणि पुन्हा झारीकडे बघायला लागली.

*

माई स्वयंपाकघरात येणाऱ्या लोकांसाठी पाव कापत होत्या. रोपं न्यायला येणारा माणूस उपाशी परत जाता कामा नये, एवढा एक नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. धाकटी दारात दिसली तशा त्यांच्या चेहऱ्यावर एक खोडकर हसू आलं. या क्षणाची त्या कितीतरी दिवस वाट बघत होत्या.

"ओळखलंस ना? मी म्हटलं होतं थोरलीला, ती बघताक्षणी ओळखेल."

"काय ओळखलं, माई?"

"आता माझ्याच तोंडून ऐकायचंय होय! बस इथे." माईंनी सुरी बाजूला ठेवली. "तुझ्या टोमॅटोचं बी धरलं मी. गेल्या हंगामात. सगळ्यांत सरस झाडाची फळं निवडली, गर काढला, ग्लासात आंबवला, धुतला, कागदावर वाळवला. माझ्या सासूबाईंनी शिकवलं होतं, अगदी तसं. वाटलं, तू आलीस की सांगेन. मग म्हटलं, नको, उगवू दे, उगवल्यावर तीच सांगेल."

धाकटीची नजर टेबलावरच्या पावावर खिळली. माईंना वाटलं, पोरीला भरून आलंय.

आणि का वाटू नये? त्या आधीचा अख्खा हिवाळा दोघींनी एकमेकींशी मीठ-पाण्यापुरतंच बोलून काढला होता. 'विकतचं बी आहे ते, एका हंगामाचं पाहुणं,' असं माई चारचौघांत म्हणाल्या होत्या आणि धाकटीनं ते ऐकलं होतं. मग उन्हाळ्यात नदीवरून धुकं चढलं ते उतरेचना. गाठोडीला करपा पडला. पानं काळी, देठ काळे, फळं वेलीवर तपकिरी होऊन कुजली. आणि त्या काळ्या पडलेल्या वाफ्यांच्या शेजारी धाकटीची एक रांग हिरवीगार उभी होती. माई त्या रांगेशी जाऊन बराच वेळ बसून राहिल्या होत्या. 'चुकलं माझं' म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांना बी धरता यायचं. म्हणून त्यांनी बी धरलं. त्या घरात एखाद्याला आपलं म्हणायची याहून मोठी रीत नव्हती.

"आणि पाकिटातलं?" धाकटीनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"ते आणि हे, दोन्ही एका भांड्यात कालवलं आणि पेरलं. कशाला उगाच आपलं-परकं?" माईंनी पुन्हा सुरी उचलली. "आता ते पाहुणं नाही. आपल्या घरचं झालं."

"छान केलंत, माई," धाकटी म्हणाली आणि बाहेर पडली. शेडपर्यंत ती कशी चालत गेली, हे तिला आठवलं नाही.

*

शेडमध्ये थोरला रिकामी खोकी रचत होता. धाकटीनं सांगितलं, तसा तो एका खोक्यावरच बसला. थोरली त्याच्या मागे उभी राहिली. आत्या बोलावल्याशिवाय आल्या.

"कालवलं म्हणजे पूर्ण कालवलं?" थोरल्यानं विचारलं.

"एका भांड्यात. प्रत्येक ट्रेमध्ये दोन्ही आहे."

"मग ती वेगळ्या पानाची उपटून टाकू. बाकीची देऊ."

"भाऊजी, तसं नाही होत ते." धाकटी त्याच्यासमोर उकिडवी बसली. "संकरित म्हणजे दोन वेगळ्या जातींचं लग्न लावून झालेली पहिली पिढी. ती सगळी एकसारखी निघते. दोघांचं चांगलं ते घेऊन येते, म्हणून करप्याला टिकते. पण तिचं बी धरलं, की पुढची पिढी फुटते. कुणी आज्यावर जातं, कुणी आजीवर. पान वेगळं आलं ते डोळ्यांना दिसलं. पण पान अगदी बरोबर आहे आणि आत करप्याला टिकायचा दम नाही, अशी किती आहेत, ते कोण सांगणार?"

"कधी कळणार?"

"धुकं आल्यावर."

थोरल्यानं मान खाली घातली. त्याचं डोकं वाईट नव्हतं. पण अंगावर आलेलं कुठेतरी सरकवून द्यायची त्याला जुनी खोड होती.

"हे बघ," तो म्हणाला. "बरीचशी जगतील. पाकिटातलीही आहेत ना त्यात? थोडी मेली तर मेली, दर वर्षी थोडी मरतातच. आपण गप्प बसू."

"करपा गप्प बसत नाही, भाऊजी. एक झाड काळं पडलं, की तिथून वारा सगळीकडे नेतो. आणि शिंपीणबाईंनी या वर्षी काठावर दुसरं काहीच लावलेलं नाही. मी सांगितलं म्हणून. मी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या मशीनशेजारी बसून सांगितलंय, की तुमच्या धुक्याला हेच बी पाहिजे."

"मग कंपनीवर ढकलू," थोरला म्हणाला. "पाकिटात भेसळ निघाली म्हणू. कोण विचारायला जातंय?"

"हां, हे बरंय," आत्या म्हणाल्या. "घरातलं घरात."

"आणि नाहीतर काय करशील?" थोरल्याचा आवाज चढला. "दारात उभी राहून सांगशील? की आमच्या माईंनी केलं? ती आत पाव कापतेय. तुझ्यासाठी बी धरलंय तिनं. घेशील तिचं नाव? घे की!"

देवा, कुठल्या कोपऱ्यात उभं केलंस पोरीला! खरं बोलावं, तर ज्या हातांनी पहिल्यांदा तिला जवळ ओढलं, तेच हात चारचौघांत दाखवायचे. खोटं बोलावं, तर काठावरची माणसं आपल्या शब्दावर बुडवायची. नवऱ्याला फोन लावावा, असं तिच्या मनात आलं. पण तो समुद्रावर होता आणि तिकडून त्यानं काय सांगितलं असतं? 'तुला पटेल ते कर' म्हणाला असता, नेहमीसारखं.

तेवढ्यात थोरली बोलली. नवऱ्याच्या मागून, कुणाकडेही न बघता.

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" थोरल्यानं वळून पाहिलं.

"गेल्या वर्षी ही जेवताना म्हणाली होती, याचं बी धरायचं नसतं म्हणून. माझ्या लक्षात होतं. माईंनी कालवताना मी समोरच होते. मी बोलले असते तर माई थांबल्या असत्या." ती खोक्याची कड नखानं खरवडायला लागली. "मला वाटलं, फसलं तर फसू दे. हिचंच फसेल. काठावरच्या लोकांचा विचारच आला नाही मनात."

आत्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

धाकटीला तिचा राग यायला हवा होता. तो आलाही. पण तिच्याकडे बघता बघता तिला दिसलं, की या बाईनं आज हे सांगितलं नसतं तर कुणाला कधीच कळलं नसतं.

"ताई, ते आपण नंतर बोलू. मी विसरणार नाही, पण नंतर," ती म्हणाली. "आज लोक आले की माझ्या शेजारी उभ्या राहा. एवढं करा."

थोरलीनं मान हलवली.

"म्हणजे सांगणार?" थोरल्यानं विचारलं.

धाकटी उठली, हात झटकले. "नाही. कंपनीच म्हणू. माईंचं नाव मी नाही घेणार."

आणि आश्चर्य बघा, ज्यांनी आत्ताच 'हे बरंय' म्हटलं, त्याच आत्या ताडकन उठल्या.

"कंपनी म्हणू? आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीचं बी कुठल्या तोंडानं देशील त्यांना? विश्वास उडाला की माणसं परत गाठोडी लावतील काठावर. परत काळं. मी आपली याचं ऐकून हो म्हटलं, कारण हा बोलतो जोरात. पण हे एका दिवसाचं खोटं नाही गं. हे दर वर्षी बोलावं लागणारं खोटं आहे."

"मग काय करू मी, आत्याबाई? सांगा ना! काय करू?"

"तिला विचार," आत्या म्हणाल्या आणि दाराकडे हनुवटी केली.

दारात माई उभ्या होत्या. हातात पावाची परात. केव्हापासून, कोण जाणे.

*

माईंना सगळं कळलं नव्हतं. लग्न, पिढ्या, आज्यावर, आजीवर, यातलं अर्धंमुर्धं कानावर पडलं होतं. पण 'माईंचं नाव मी नाही घेणार' हे त्यांनी स्पष्ट ऐकलं होतं, आणि ते त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं.

त्यांनी परात बाकावर ठेवली. "मी कालवलेलं परत वेगळं करता येईल?"

"नाही, माई."

"मरतील ती?"

"काही मरतील. कुठली, ते सांगता येत नाही."

"तू म्हणाली होतीस मला. बी धरायचं नसतं म्हणून."

"हो."

"मला वाटलं, तू रुसून बोलतेयस." माई म्हणाल्या. "मी तुझ्या टोमॅटोला पाहुणं म्हटलं होतं ना, म्हणून. वाटलं, ही म्हणतेय, नका धरू माझं बी, कशाला धरताय. रुसलेल्या माणसाचं ऐकायचं नसतं, त्याला जवळ घ्यायचं असतं. म्हणून मी..."

धाकटीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही. "माई, मी खरंच बियाण्याबद्दल बोलत होते हो."

"आता कळलं." माईंनी अॅप्रनला हात पुसले. बाहेर फाटकाशी सायकलच्या घंटा वाजायला लागल्या होत्या, कुणीतरी खोकं जमिनीवर आपटलं. "चला," त्या म्हणाल्या. "लोक उन्हात उभे आहेत."

*

फाटकाशी दहा-पंधरा माणसं जमली होती. उतारावरचा गवंडी, कालव्यावरचा राखणदार, पुढे शिंपीणबाई आपलं भलंमोठं खोकं कमरेवर घेऊन. धाकटी पुढे झाली. तिनं बोलायला श्वास घेतला, तर माईंनी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं.

"नदीकाठाला द्यायला आज आमच्याकडे रोपं नाहीत," माई म्हणाल्या. "रोपं आहेत, पण ती तुम्हाला देण्यासारखी नाहीत. चूक माझी आहे. मी संकरिताचं बी घरी धरलं आणि विकतच्या बियाण्यात मिसळलं. त्यातली कुठली धुक्यात टिकतील आणि कुठली झोपतील, हे माझ्या सुनेलाही सांगता येत नाही. आणि तिनं मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मागून कुणीतरी हसलं. "माई, बी धरण्यात तुमची चूक? सूर्य कुठून उगवला आज?"

कुणी त्याला साथ दिली नाही. शिंपीणबाई पुढे आल्या. त्यांचा आवाज शांत होता, आणि त्याचीच माईंना जास्त भीती वाटली.

"माई, गेल्या साली तुमची गाठोडी लावली. माझी सगळी जमीन काळी पडली. या साली सुनेचं ऐकलं. वाफे करून ठेवलेत, काठ्या रोवून ठेवल्यात. रोज सकाळी उठून रिकाम्या काठ्या बघते. आता कुणाचं ऐकू?"

"तिचंच ऐक," माई म्हणाल्या. "आज जे बिघडलं ते तिचं ऐकून नाही बिघडलं. न ऐकून बिघडलं."

शिंपीणबाईंनी माईंकडे पाहिलं, मग धाकटीकडे. खोकं कमरेवर तसंच ठेवलं.

मग धाकटीला शब्द सापडले. तिनं एकेकाला विचारायला सुरुवात केली. तुमचा वाफा कुठे? सकाळी पानावरचं पाणी कधी वाळतं? गवंडी म्हणाला, "ऊन आलं की लगेच. वारा असा असतो, की टोपी राहत नाही डोक्यावर."

"मग तुम्हाला संकरित हवंच कशाला? तुम्ही गाठोडी न्या. तिचा वैरी ओल आहे, वारा नाही. फक्त काठ्या भक्कम लावा, फळ जड असतं. आणि पाणी बेताबेतानं, एकदम पाजलंत की साल तडकते."

"तडकली तरी मीच खाणार," गवंडी म्हणाला. "गाठोडी द्या म्हणत होतो मी आधीपासून. पण सगळे नवं नवं करत होते, म्हटलं आपण मागे नको राहायला."

थोरली गाठोडीचे ट्रे आणून धाकटीच्या शेजारी उभी राहिली आणि उतारावरच्यांची खोकी भरायला लागली. पण काठावरची माणसं तशीच उभी. त्यांच्याकडे पानावरचं पाणी दुपारपर्यंत वाळत नव्हतं. राखणदार म्हणाला, "कालव्याच्या बांधावर तर माझी चप्पलही वाळत नाही." त्यांना गाठोडी देणं म्हणजे जाणूनबुजून काळं देणं. नव्यानं पेरावं, तर रोप तयार होईपर्यंत फुलोरा नेमका धुक्याच्या तोंडी येणार.

"पुलापलीकडे रोपं असतील," शिंपीणबाई म्हणाल्या. "मला जाऊन विचारायचं नव्हतं. तुमच्याकडे सांगितलं होतं ना मी."

सगळ्यांचे डोळे थोरल्याकडे वळले आणि त्याचे जमिनीकडे. पुलापलीकडची रोपवाटिका चुलतभावाची. काचघर कुणाचं, यावरून दोघांचं मागेच बिनसलं होतं. तेव्हापासून बाजारात दोघं समोरासमोर आले, तर एकजण रस्ता बदलायचा. बहुतेक वेळा थोरलाच.

माईंनी त्याच्याकडे पाहिलं. पण त्या आज कुणालाच काही सांगायच्या परिस्थितीत नव्हत्या.

"तो देणार नाही," थोरला पुटपुटला. "उलट हसेल."

"हसू दे," थोरली म्हणाली. तिनं मातीचा हात पुसून गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "चला. मी पण येते."

"तू कशाला?"

"तुम्ही तिथे बोलायला लागलात, की कुणीतरी गप्प करायला हवं ना."

माणसं हसली. शिंपीणबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी खोकं उचलून थोरल्याच्या गाडीत मागे ठेवलं. बाकीच्यांनीही ठेवली. रिकामी खोकी एकमेकांवर आपटत गाडी पुलाकडे गेली आणि काठावरची माणसं पाव खात, कमी बोलत, फाटकाशीच बसून राहिली.

*

ऊन कलायला लागलं, तरी गाडी आली नव्हती. माई काचघरात शिरल्या आणि त्यांनी मिसळलेल्या रोपांचा एक ट्रे उचलला.

"कुठे नेताय?" धाकटीनं विचारलं.

"खड्ड्यात. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नकोत आता."

धाकटीनं ट्रेची दुसरी बाजू धरली. "खड्ड्यात नको. नदीलगतचा आपला सगळ्यांत खालचा वाफा आहे ना, तिथे नेऊ."

"तिथे धुकं सगळ्यांत आधी येतं. दिवसभर हटत नाही."

"म्हणूनच. शेजारी कुणाचं शेत नाही, करपा पडला तर आपल्यातच पडेल. काळी पडतील ती लगेच उपटून जाळू. उभी राहतील त्यांचं बी धरू. पुढच्या वर्षी तेच पुन्हा तिथेच लावू. पुन्हा मरतील ती मरतील. असं करत करत एक दिवस सगळी सारखी निघायला लागतील. पाकीट विकत न घेता. आपल्या धुक्यातली."

माई थांबल्या. "किती वर्षं?"

"बरीच, माई. आणि नाही जमलं, असंही होईल."

"म्हणजे मी नसेन."

धाकटीनं 'असं का बोलता' म्हटलं नाही. तिनं ट्रे जरा वर उचलला, म्हणजे माईंच्या बाजूचं ओझं कमी व्हावं.

"म्हणून तर म्हणते, बी कसं आंबवायचं, ते या हंगामात मला नीट शिकवा. मला येत नाही. माझ्याकडे नेहमी पाकीट असायचं."

दोघी खाली गेल्या. माईंनी कातरलेल्या पानाचं रोप लावलं, मग रुंद पानाचं, मग पुन्हा कातरलेलं. कुठलं जगणार, हे माहीत नसल्यामुळे प्रत्येकाची माती सारख्याच काळजीनं दाबत होत्या. नदीवर पांढरं काहीतरी पसरायला लागलं होतं. वर रस्त्यावर कुठल्यातरी गाडीचा आवाज आला. दोघींनी मान वर केली. गाडी दुसरीच होती. दोघी पुन्हा खाली वाकल्या.

आता उठा, घरी जा. पण बाबांनो, एक मागणं आहे. आपल्या हातून भल्या मनानं काही बिघडलं आणि झाकायला कुणीतरी मायेचं माणूस पुढे आलं, की माईंना आठवा. सुनेचा दंड धरून तिला मागे ओढणाऱ्या आणि स्वतः पुढे होणाऱ्या त्या बाईला आठवा. देवाकडे तिच्यासाठी दोन शब्द टाका. तिला विसरू नका.